चौथा ठिपका

आईच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू घरची होत नाही. आई स्वस्तिक काढते, पण त्याच्या चार घरांत चार ठिपके देत नाही, तीनच देते. चौथा ठिपका ज्याच्या हातून वस्तू मिळाली त्याच्या कपाळावर. ही तिच्या माहेरची, काष्टीकडची रीत. तिचे वडील बाजारात बैल घेत तेव्हा विकणाऱ्याला टिळा लावल्याशिवाय कासरा हातात धरत नसत म्हणे. देणाऱ्याचा जीव वस्तूत राहिला पाहिजे, असं आई म्हणते. माझ्या पहिल्या मोबाईलच्या वेळी काउंटरवरच्या टायवाल्या माणसालाही तिने सोडलं नाही. मी लाजेने दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले होते.

आमचं गाव सुप्याजवळ. मी तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर नग हातात घ्यायचा, मापायचा आणि जमला नाही तर नापास करायचा. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. तात्यांचं मत असं की ही पोरगी घरी आल्यावरही माणसं नापास करत सुटते. खोटं कशाला बोलू, मला भांडायला आवडतं, आणि जिंकायला त्याहून जास्त आवडतं. आई याच्या अगदी उलट. शेजारणीने कोथिंबिरीचा अख्खा वाफा उपटून नेला तरी ही म्हणणार, तिला लागली असंल.

तर या आईने शेवयांचं मशीन घ्यायचं ठरवलं. उन्हाळ्यात गावातल्या बायका रव्याचे डबे डोक्यावर घेऊन पार सुप्याला जायच्या, रांगा लावायच्या. आपल्याच पडवीत मशीन असलं तर, असा तिचा विचार. लग्न झाल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली मोठी वस्तू. नगरच्या एका दुकानातून ती आणि तात्या मशीन घेऊन आले. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. दुकानात मशीनला हार घातला, आईने कुंकवाचं बोट फिरवलं आणि शेठनी स्टेटसला टाकायला सगळ्यांचा फोटो काढून घेतला, हे मला संध्याकाळी कळलं. आई खुशीत होती. फक्त जेवताना एकदा म्हणाली, "शेठनी टिळा लगीच रुमालानं पुसला बाई." आणि पुन्हा शेवयांवर घसरली.

पहिले काही दिवस आमच्या अंगणात नुसती जत्रा. दोरीवर, काठ्यांवर, खाटेच्या पायांवर शेवया वाळत होत्या. मग एका सकाळी पांढऱ्याशुभ्र शेवयांत काळी रेघ उतरली. गिअरचं तेल आतून पाझरून रव्यात येत होतं. आईने मशीन थांबवलं, पुसलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा काळी रेघ. ज्या बाईचा रवा होता तिला आईने घरातला रवा भरून दिला आणि मशीनवर गोणपाट टाकलं.

दुकानात गेलो तर शेठनी आईकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तात्यांना म्हणाले, "कणीक घट्ट भिजवत असतील. बाईमाणसाला मशीन कळत नाही हो, जास्त दाबलं की तेलाचं सील जातं." शेवयांच्या पिठात जिचा जन्म गेला तिला हे सांगत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई मात्र शांतपणे म्हणाली, "शेठ, मी सैल भिजिवते. येऊन बगा." कुणी आलं नाही. पुढच्या प्रत्येक फेरीला तेच उत्तर मिळालं.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. मशीन चांगलं होतं, हिलाच चालवता आलं नाही, असं दोन-चार बायका नळावर बोलल्या. आईने नळावर जायची वेळ बदलली. ते पाहिलं आणि मी ठरवलं, आता सोडायचं नाही. मशीन बदलून मिळो न मिळो, पण आईने मशीन बिघडवलं नाही हे कुणीतरी न्यायाच्या खुर्चीवर बसून म्हणायला हवं होतं.

कंपनीतल्या एका मैत्रिणीने सांगितलं, नगरला ग्राहक आयोगात जा, वकील नसला तरी चालतं, स्वतः बोलता येतं. स्वतः बोलता येतं हे ऐकूनच मला अंगात वारं भरल्यासारखं झालं. माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. एका रविवारी मी मोबाईलवर व्हिडिओ काढला होता. आई सैल कणीक मशीनमध्ये टाकतेय, शेवया उतरतायत, आणि बघता बघता पांढऱ्यात काळी धार येते. आईचा हात, कणीक, तेल, सगळं एकाच दमात. माझा बेत पक्का होता. शेठना आधी भरपूर खोटं बोलू द्यायचं आणि मग भर सुनावणीत मोबाईल वर धरायचा. टीव्हीवरच्या मालिकांत असंच असतं. आरशासमोर उभी राहून मी मोबाईल वर धरायचा सरावसुद्धा केला होता.

आईच्या सहीची तक्रार आणि तिच्या वतीने मी काम बघेन असा अर्ज घेऊन मी नगरला गेले. माळीवाड्याला एसटीतून उतरले आणि चालत नाही, जवळजवळ पळतच आयोगाच्या कचेरीत पोचले. खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझे कागद चाळले.

"समोरच्या पार्टीचा संच कुठाय?"

"त्यांना कशाला?"

"तुम्ही काय म्हणताय ते कळल्याशिवाय ते उत्तर कशाचं देणार? जेवढे कागद इथं, तेवढेच त्यांना."

मी आवाज खाली आणून विचारलं, "आणि व्हिडिओ असला तर?"

"पेनड्राईव्हवर घाला. एक इथं, एक त्यांना. तुमच्याच मोबाईलवर काढलाय, फिरवाफिरवी केलेली नाही, असं लिहून सही करून सोबत जोडा. त्याचा नमुना मिळेल. आयत्या वेळी मोबाईल काढून दाखवलेलं इथं चालत नाही."

माझा एक्का तिथंच गळून पडला. म्हणजे चोराला आधी घराची किल्ली द्यायची आणि मग चोरीची फिर्याद करायची. घरी येऊन मी दप्तर आपटलं. तात्या तर माझ्याही वरताण. तरुणपणी जत्रांमधून त्यांनी कुस्त्या मारल्यात. ते म्हणाले, "डाव सांगून कुस्ती करत्यात व्हय कुटं? नको दिऊ तो व्हिडिओ. न्हाईतर मंग अर्धाच दे."

आई शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लपवायला आपुन काय चोरी केलीय? दे की समदं."

"अगं, ते बघतील आणि त्यातून पळवाट काढतील."

"काढू दे. बगायला लागंल ना त्यांला? मी बोलावून बोलावून दमले, एकदा तरी बगतील."

आणि नियम नियमच. मी तोंड वाकडं करून दोन पेनड्राईव्ह भरले, झेरॉक्सवाल्याकडे उभी राहून पानांवर आकडे घातले आणि सगळं देऊन टाकलं. पोच घेताना शेतातलं पीक दुसऱ्याच्या गोठ्यात टाकून आल्यासारखं वाटत होतं.

दसरा झाल्यावर समोरच्यांचा लेखी जबाब आला. त्याचाही पूर्ण संच आम्हाला मिळाला, हे इथं सांगितलंच पाहिजे. मी तो अंगणातच फोडला आणि उभ्याउभ्याच वाचत गेले. शेठच्या वकिलांनी व्हिडिओ बारकाईने पाहिला होता. कणकेबद्दल आता चकार शब्द नव्हता. आता नवीनच काढलं होतं, की व्हिडिओतलं मशीन आमच्या दुकानातलं नाहीच. नंबरची पट्टी लाल रंगाने झाकलेली आहे, नंबर दिसत नाही. तक्रारदार बाईंनी कुठलंतरी जुनं, गळकं मशीन आणून ते आमच्या नावावर खपवण्याचा प्रयत्न केला आहे. आम्ही दिलेलं मशीन सुस्थितीत होतं, त्याचा दुकानात काढलेला फोटो सोबत जोडला आहे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मी मोठ्याने वाचलं ते चुकलंच माझं. आई पडवीत उभी होती. तिचा चेहरा असा उतरला की मला पुढचं वाचवेना. बाईमाणसाला कळत नाही हे तिने गिळलं होतं. हे तिला गिळता आलं नाही.

"मी दुसऱ्याचं मशीन माजं म्हनून दाखवीन?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

"थांब, आता लगेच उडवते त्यांना," मी म्हणाले. पावतीवर नंबर होता, मशीनच्या पट्टीवर नंबर होता. पट्टीवरचं कुंकू पुसलं की झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी धावत जाऊन गोणपाट ओढलं.

मशीन नवरीसारखं चमकत होतं. झेंडूच्या सुकलेल्या माळेखाली ताजं हळदीकुंकू. आणि नंबरची पट्टी इतकी लख्ख की तिच्यात मला माझा आ वासलेला चेहरा दिसत होता. नंबर गायब.

"आई, पट्टीला काय केलंस?"

"खंडेनवमीला घासली की. चिंच लावून."

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, नांगर, मोटर, सगळ्यांना धुऊनपुसून पुजतात. मी कंपनीत होते, तिथंही आम्ही मशीनना हार घालत होतो. आईने घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर हेही बाहेर ओढलं, देवाच्या तांब्यासारखं घासलं, तेलाचे डाग, कुंकू, छापलेला नंबर, सगळं एका हाताने साफ केलं. एखादी आळशी बाई असती तर पुरावा जिवंत राहिला असता.

"अगं बंद मशीन होतं ते! केस चालू आहे त्याच्यावर!"

"बंद पडलं म्हनून सनाला उपाशी ठेवायचं व्हय त्याला?" आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी गोणपाट पुन्हा मशीनवर टाकलं. व्हिडिओत नंबर कुंकवाखाली आणि मशीनवर नंबर चिंचेखाली. आईला खोटी ठरवायला याहून जास्त काय लागतं?

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी तो जबाब पुन्हा काढला. भांडायला नवीन मुद्दा शोधत होते. शेवटी तो फोटो होता, काळपट झेरॉक्स. हार घातलेलं मशीन, एका बाजूला पदर सावरून आई, मागे तात्यांची टोपी, दुसऱ्या बाजूला शेठ, त्यांचा चेहरा नुसता शाईचा गोळा. आणि मशीनच्या पोटावर, बरोब्बर नंबरच्या पट्टीवर, स्वस्तिक.

मी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब नेला. तीन ठिपके. खालचं उजवं घर रिकामं. त्या बाजूच्या टोकाला एक ओघळ, आईने तेलात कुंकू कालवलं होतं त्याचा. मी मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि मशीन जवळ आल्यावर थांबवला. रंग थोडा फिका, पण तेच स्वस्तिक, तेच तीन ठिपके, तोच ओघळ. मी सीटवरून अशी उडाले की शेजारच्या बाईचा डबा सांडता सांडता राहिला. तिला काही न सांगता मी तिचा हात गच्च दाबला. शेठनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी आम्हाला पुरावा पाठवला होता. त्या दिवशी शिफ्टमध्ये मी एकही नग नापास केला नसेल, इतकं मला सगळं गोड दिसत होतं.

घरी आल्या आल्या आईला विचारलं, "चौथा ठिपका शेठना लावला होतास ना?"

"लावला की. पर त्यांनी पुसला."

"फोटोच्या आधी का नंतर?"

आईने आठवून पाहिलं. "ते काय मला ठावं? मी मशीनकडं बगत हुते."

झेरॉक्समध्ये तर शेठना कपाळच नव्हतं. म्हणून मी ती गोष्ट लिहिलीच नाही. आमच्या उत्तरात एवढंच लिहिलं की समोरच्यांच्या फोटोतलं आणि आमच्या व्हिडिओतलं स्वस्तिक एकच आहे, ठिपके आणि ओघळ पाहावेत. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापली. आणि त्याचा संच शेठच्या वकिलांना नेऊन द्यायला मी या वेळी नाचत गेले. तात्यांनी पुन्हा कुरकुर केली, तेव्हा मी म्हटलं, "तात्या, हा डाव त्यांनीच सांगितलाय. आपण फक्त पकड घालायची."

सुनावणीच्या दिवशी आई लग्नाकार्यातलं लुगडं नेसली. एसटीत मी सुप्यापासून नगरपर्यंत तोंडातल्या तोंडात भाषण घोकत होते. पुकारा झाला. समोर अध्यक्ष, शेजारी एक सदस्य बाई. आमच्या बाजूला आम्ही तिघं, पलीकडे वकील आणि त्यांच्यामागे शेठ. शेठनी आईकडे अजूनही पाहिलं नव्हतं.

मी बोलले. बरी बोलले, थोडी भरभर बोलले. मग वकील उठले. आमचा कागद त्यांच्याकडे आधीच गेलेला, त्यामुळे तेही तयारीत होते. म्हणाले, "स्वस्तिक घरोघर काढतात. ठिपके चार असतात. घाईत एखादा राहतो, कुणाचाही राहतो. एक ठिपका राहिला आणि थोडं कुंकू ओघळलं, एवढ्यावरून दोन मशीन एकच कशी म्हणायची?" ते इतक्या सहज म्हणाले की मलाही क्षणभर ते पटलं.

अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि आईला विचारलं, "बाई, चौथा ठिपका घाईत राहिला का?"

आई उभी राहिली. "न्हाई साहेब. मी तीनच देते. चौथा ज्याच्या हातनं वस्तू येती त्याला लावायचा. लहानपनापासून तसंच हाय आमच्यात."

"मग यातला चौथा कुणाला लावला?"

आईने बोट केलं नाही, फक्त तिकडे पाहिलं. "शेठच्या कपाळाला लावला हुता."

आधी की नंतर? शेठनी फोटोच्या आधी कपाळ पुसलं असेल तर आई खोटी. पुन्हा खोटी, आणि या वेळी भर दरबारात. मी आईचा पदर धरला. अध्यक्षांनी फाईल उलटवायला सुरुवात केली. आम्हाला मिळाली होती ती झेरॉक्स, पण मूळ रंगीत फोटो समोरच्यांनी तिथे दाखल केलेला होता. ते पान सापडलं. त्यांनी फोटो पाहिला. सदस्य बाईंकडे सरकवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं.

"हे गृहस्थ आपणच ना?" अध्यक्षांनी शेठना विचारलं आणि फोटो त्यांच्याकडे वळवला.

मला तिथूनही दिसलं. हसरे शेठ, आणि त्यांच्या गोऱ्या कपाळावर मधोमध लालभडक ठिपका. समोर उभ्या असलेल्या खऱ्या शेठचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आईकडे पाहिलं.

अध्यक्षांनी वकिलांना विचारलं, "व्हिडिओतलं मशीन आपलं नाही, हे म्हणणं अजून कायम आहे का?" वकील शेठच्या कानाशी वाकले. बराच वेळ कुजबुज झाली. मग ते सरळ उभे राहून म्हणाले की मशीन त्यांचंच आहे, आतलं सील मुळात सदोष होतं हे त्यांना मान्य आहे, आणि ते मशीन बदलून द्यायला तयार आहेत. सगळं लिहून घेतलं गेलं. अध्यक्ष लिहिणाऱ्याला सांगत होते, तक्रारदार बाईंच्या हाताळणीत काही चूक दिसून येत नाही. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, पण तात्यांच्या पाठीत अशी थाप मारली की त्यांची टोपी खाली पडली.

बाहेर जिन्यावर आईने विचारलं, "काय म्हनले ते शेवटाला? पुन्यांदा सांग." मी सांगितलं. तिने अजून एकदा सांगायला लावलं. घरी गेल्यावर ती नळावर जुन्याच वेळेला गेली.

नवीन मशीन आणायला मी रजा काढून सोबत गेले. शेठनी ते आमच्यासमोर चालवून दाखवलं, तेल पाझरत नाही ना ते हात लावून पाहिलं, आईलाही पाहायला लावलं. मग आईने पिशवीतून करंडा काढला. मी हळूच म्हणाले, "पट्टी सोडून काढ हं." तिने पट्टीपासून चांगलं वीतभर लांब स्वस्तिक काढलं. एक, दोन, तीन ठिपके दिले. चौथ्याला तिचं बोट कुंकवात बुडालेलं तसंच थांबलं. मला वाटत होतं, नको लावूस, या माणसाला तर मुळीच नको.

शेठनी मान खाली करून कपाळ पुढे केलं.

आईने ठिपका लावला. "दीस मावळूस्तवर तरी पुसू नका, शेठ," ती म्हणाली.

टेम्पो सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम मागच्या फळीवरून वाकून पाहिलं. शेठ दुकानाच्या दारातच उभे होते. रुमाल खिशातच होता.